हात कुणाचा होता

त्या हिवाळ्यात नळावर माझी बादली कायम सगळ्यांत शेवटी लागायची. मी कितीही लवकर गेले तरी कुणीतरी ती उचलून मागं ठेवायचं, आणि कुणी ठेवली म्हणून विचारलं की सगळ्या बायका एकमेकींशी बोलण्यात गुंग. भांडण पाण्याचं नव्हतं, एका पेनल्टीचं होतं. ती पेनल्टी माझ्या वडिलांनी, पपांनी, शिरूरच्या ग्राउंडवर आमच्याच दौंडच्या टीमविरुद्ध दिली होती, आणि त्यापायी सगळ्या रेल्वे कॉलनीनं आमच्याशी वाकडं धरलं होतं. फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नसलेल्या एका बाईनं मला तोंडावर विचारलं, ‘तुझ्या बापाला सासुरवाडी लई गोड लागती काय गं?’ मी तिची कळशी लाथेनं लवंडली आणि घरी येऊन आईचा मार खाल्ला. माझा स्वभाव तेव्हाही असाच होता.

आज कुणाला सांगितलं तर पटत नाही, पण तेव्हा दौंडमध्ये फुटबॉल म्हणजे जीव की प्राण. गोरे साहेब गेले, त्यांचे बंगले आमच्यातल्या साहेबांना मिळाले आणि त्यांचा खेळ आम्हाला. ग्राउंड लोको शेडच्या मागं होतं. इंजिनातली राख पसरून ते सपाट केलेलं, त्यामुळं खेळून आलेलं पोर कुठलं आणि कोळसा टाकून आलेलं कुठलं, हे आईलाही ओळखू यायचं नाही. दानीदादा, माझा थोरला भाऊ, दोन्ही करायचा. तो इंजिनावर फायरमन होता आणि शेडच्या टीमचा सेंटर फॉरवर्ड. पपा मालगाडीवर गार्ड. उंच, ताठ, बोलायला कमी. ड्युटीवरून आले की त्यांच्या कोटाला रॉकेलचा आणि थंड लोखंडाचा वास यायचा. पितळी शिट्टी दोरीनं गळ्यात असायची, ती ते फक्त अंघोळीला काढत. आई चुलीपुढं बाजरीच्या भाकरी थापत असायची, बाहेर यार्डात डबे एकमेकांवर आदळत असायचे, आणि पपा हातपाय धुऊन जेवणाआधीची प्रार्थना सुरू करायचे. प्रार्थना लांबली की सुकट करपायची. आई डोळे मिटलेले ठेवूनच हातानं तवा उतरवायची, ही तिची खुबी मला कधी जमली नाही.

आईचं माहेर शिरूरचं. तिचा धाकटा भाऊ, यशवंतमामा, तिथं मिशनच्या शाळेत मास्तर होता. शाळेतून बाहेर पडलेली पोरं आणि आसपासच्या मळ्यांतली दांडगी पोरं जमवून त्यानं टीम उभी केली होती. ही पोरं हुतूतूत वाढलेली. सुरुवातीला ती बॉल सोडून माणूसच धरायची, आणि पपा शिट्टी वाजवून त्यांना समजावायचे की इथं धरायचं नसतं. दर हिवाळ्यात दोन सामने व्हायचे, पहिला शिरूरला आणि दुसरा दौंडला. दोन्हींत मिळून ज्याचे गोल जास्त, त्याच्याकडं वर्षभर लाकडी ढाल राहायची. रेफ्री कायम पपा. नियमांचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेला दुसरा माणूस दोन्ही गावांत नव्हता. शिवाय एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला मेहुणा, तेव्हा हा गडी कुणाचाच नाही, असं दोन्हीकडच्यांनी धरलेलं होतं. बरीच वर्षं ते बरोबर ठरलं. पपांनी शिट्टी वाजवली की लोक कुरकुरायचे, पण मानायचे.

त्या वर्षी शिरूरच्या सामन्याला मी आणि आई आदल्या दिवशीच माहेरी गेलो होतो. बायका शाळेच्या व्हरांड्यात बसून बघायच्या, मी पायरीवर उभी. ऊन होतं तोवर सगळं झकास चाललं होतं. पपा बॉलच्या पुढं चार पावलं असायचे. ऊन कलल्यावर मात्र गडबड व्हायला लागली. शिरूरच्या एका पोरानं गोलपुढं बॉल सरळ हातानं अडवला. व्हरांड्यातल्या म्हाताऱ्यांनासुद्धा दिसलं. पपा पाहत उभे राहिले, शिट्टी नाही. आणि थोड्या वेळानं आमच्या दौंडच्या एकाच्या छातीला बॉल लागला तर पपांनी ‘हँड’ म्हणून पेनल्टी दिली. त्या पेनल्टीवर शिरूर दोन-एक असं जिंकलं. एकाच अर्ध्या तासात एकाच गोष्टीला दोन न्याय. दौंडची पोरं ट्रकमध्ये बसताना पपांकडं बघेनात. न्हावऱ्याच्या रस्त्यानं सगळे एकाच ट्रकनं परत आलो. पपा ड्रायव्हरशेजारी बसले होते, मागं फळीवर दादा. उतरताना त्यानं पपांना हात दिला नाही, एरवी द्यायचा.

पुढचे तीन आठवडे कसे गेले ते आमचं आम्हाला ठाऊक. आमच्या क्वार्टरवरून जाताना पोरं तोंडानं शिट्टी वाजवायची आणि ‘शिरूरचा जावई’ म्हणून पळायची. बेकरीवाला खारी देताना मोडकी निवडून द्यायला लागला. शेडमध्ये लोक दादाला विचारायचे, तुझ्या बापानं तुझं काय बघितलं म्हणून तुला असं पाडलं? दादा पपांच्या आधी तरी जेवायचा नाहीतर नंतर. एका घरात दोन कर्ते पुरुष आणि मधे आईनं ताटं घेऊन हेलपाटे घालायचे. मी पूर्णपणे दादाच्या बाजूची होते, हे आज लपवत नाही. पपांनी मेहुण्यापुढं चांगुलपणा मिळवायला पोटच्या पोराचा बळी दिला, अशी माझी खात्री झाली होती. एका संध्याकाळी मी त्यांना तसं बोललेसुद्धा. ते हातदिव्याची काच पुसत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

‘जे दिसलं त्याचीच शिट्टी वाजवली,’ एवढंच म्हणाले, आणि स्वच्छ झालेली काच पुसत राहिले.

आईनं त्यांना दुसऱ्या सामन्याला उभं राहू नका म्हणून विनवलं. पपा म्हणाले, आता मागं सरलो तर लोक म्हणतील चोराच्या मनात होतंच. कॉलनीतल्या लोकांनाही दुसरा रेफ्री हवा होता, पण शिरूरवाले अडून बसले. शमुवेल गार्डाशिवाय आम्ही येतच नाही, असा मामाचा निरोप आला. गेल्या सामन्यात फायदा कुणाचा झाला होता हे सगळ्यांना माहीत, त्यामुळं या निरोपानं आमच्या घरावर आणखी चिखल उडाला.

सामना शनिवारी होता. शुक्रवारी दुपारी मामा एसटीनं एकटाच आला, बगलेत हे मोठं गाठोडं. पोरांसाठी नव्या जर्स्या. नव्या म्हणजे पांढरे बनियन विकत घेऊन घरीच पातेल्यात रंगाच्या पुडीनं हिरवे केलेले. रंग जातोय म्हणून आईनं ते मिठाच्या पाण्यातून काढले आणि मागल्या अंगणात तारेवर वाळत घातले. त्याच तारेला दादाची लाल जर्सी होती. शेडच्या टीमचा रंग लाल. शिरूरची अकरा हिरवी आणि टोकाला एक लाल, अशी ती रांग मला अजून दिसते. संध्याकाळ उतरायला लागली होती, पण अजून चांगला उजेड होता. मी दारात तांदूळ निवडत होते आणि मला खडे स्वच्छ दिसत होते, म्हणजे बघा. आईनं आतून हाक मारली, दानीची जर्सी वाळली असंल तर आत आणा, दव पडंल. पपा अंगणातच होते. ते तारेपाशी गेले, रांगेच्या टोकाशी थांबले, कपडा हातानं चाचपला, मग शेजारचा चाचपला, आणि एक जर्सी काढून आत आले. ती हिरवी होती.

‘पपा, ही मामाची हाय.’

ते दारातच उभे राहिले. जर्सी त्यांनी डोळ्यांच्या जवळ नेली, मग आणखी जवळ. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते आणि मला एकदम सगळं कळलं. छातीला लागलेला बॉल, न दिसलेला हात, पुसून पुसून संपत नसलेली काच. माझ्या मांडीवरचं सूप कलंडलं. दुसऱ्या कुठल्या गावात एखाद्या माणसाला लाल-हिरवा ओळखू आला नाही तर लोक हसून सोडून देतील. आमच्या गावात गार्डाला लाल-हिरवा ओळखू येत नाही, यापेक्षा भयंकर वाक्य नव्हतं. 

पपांनी मागं वळून बघितलं. आई आणि मामा आतल्या खोलीत माहेरच्या गप्पांत होते. मग ते माझ्या शेजारी उकिडवे बसले आणि सांडलेले तांदूळ गोळा करायला लागले.

‘ऊन असलं की काय न्हाई होत,’ ते हळू म्हणाले. ‘उजेड उतरला की धूर दाटल्यागत होतं.’

‘कवापासनं?’

‘पावसाळा सरल्यापासनं.’

‘आन् गाडीवर?’

‘गाडीवर मला काय बघावं लागतंय? इतकी वर्सं झाली. कुठलं सिग्नल कुठं हाय, झोपंत सांगीन.’ मग तांदूळ सुपात टाकत म्हणाले, ‘फेब्रुवारीत मेडिकल हाय, डोळं तपासत्यात. तवा काय व्हायचं ते होईल. तोवर तू कुणाला बोलायचं न्हाई एस्तू. आईला पण न्हाई.’

मी शब्द दिला. पपांनी माझ्याकडं काही मागितलं असं ते पहिलंच, आणि मी खुळी त्याच आनंदात देऊन बसले. पुढं मी नर्स झाले, जन्मभर दुसऱ्यांच्या डोळ्यांत थेंब घातले. तेव्हा उमगलं की पपांना काचबिंदू होता. वेळेवर दाखवलं असतं तर गेली ती नजर परत आली नसती, पण राहिली ती टिकली असती. सोळा वर्षांच्या मुलीला हे कुठून कळणार? मला फक्त उद्याचा सामना दिसत होता. मी मामाच्या मागं लागले की सामना लवकर सुरू करा, तीनलाच करा, तुमचा ट्रक वेळेत परतेल. मामा म्हणाला, तुला का गं एवढी घाई? पण त्यानं सामना भरवणाऱ्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये शब्द टाकला आणि वेळ साडेतीनची ठरली.

शनिवारी दुपारी शिरूरचा ट्रक आला तो रिकामे डबे बडवतच. टपावर आबा बसलेले. आबा म्हणजे शिरूरजवळचे मोठे बागायतदार, पांढरा फेटा, आवाज खणखणीत. ट्रक त्यांचाच आणि डबे वाजवणारी माणसंही त्यांचीच. त्यांना फुटबॉलचे नियम ठाऊक नव्हते, पण आपल्यावर अन्याय कधी होतो ते बिनचूक कळायचं. दौंडकरही तयारीनं आले होते. दोन्हीकडचे लोक बॉल बघायला नाही, पपांना बघायला आल्यासारखे बसले. आणि साडेतीनचे चार वाजले, सव्वाचार वाजले. दादा आणि आणखी दोघं शेडमध्ये अडकले होते, इंजिन बाहेर काढल्याशिवाय सोडणार नव्हते. ते धावतपळत आले तेव्हा साडेचार होत आले होते. पपा मैदानाच्या मध्यावर बॉलवर पाय ठेवून उभे होते. मी आईजवळून उठले आणि ग्राउंडभोवती बांधलेल्या दोरीपाशी जाऊन उभी राहिले. त्या दिवशी मी बॉल बघत नव्हते, सूर्य बघत होते.

पहिला हाफ मात्र पपांनी असा घेतला की बघत राहावं. ऊन तिरपं होतं पण होतं. दोन्हीकडचे फाऊल, दोन्हीकडचे हात, काही सुटलं नाही. दादानं डोक्यानं गोल केला, त्यावर शिरूरवाले ऑफसाइड म्हणून ओरडले, तर पपांनी नेमकी जागा पावलानं दाखवली आणि मामानंच आपल्या लोकांना गप्प केलं. खुद्द आबा म्हणाले, आज शिट्टी सरळ वाजती हाय. गोल आता दोन्ही सामने मिळून दोन-दोन झाले होते. एक गोल ज्याचा, ढाल त्याची.

दुसऱ्या हाफच्या मध्यावर सूर्य शेडच्या छपरामागं गेला. वर धूर होताच. पपांनी पहिली चूक केली ती थ्रोची, हिरव्याच्या पायाला लागून गेलेला बॉल हिरव्यांनाच दिला. दौंडकर उठले. पाच मिनिटांनी उलट. शिरूरवाल्यांनी डबे बडवायला सुरुवात केली. एक फाऊल दिला, तसाच दुसरा सोडला. कुणीतरी ओरडलं, मघाशी डोळे होते आन् आता कुठं गेले? लोकांत हशा पिकला. आपण काय बोललो ते ओरडणाऱ्याला ठाऊक नव्हतं, मला होतं. पपा आता बॉलच्या अगदी अंगावर धावत होते. धाप लागलेली, टोपी कुठं पडली त्याचा पत्ता नाही. जवळ गेल्याशिवाय त्यांना दिसत नव्हतं, आणि जवळ गेलं की बॉल दुसरीकडं. दर वेळी शिट्टी वाजवायच्या आधी ते क्षणभर थांबत. लोकांना ते थांबणं म्हणजे लबाडी वाटत होती, कुणाला द्यायचं याचा विचार करतोय म्हणून. दोरी कुणी तोडली कळलं नाही, पण माणसं हळूहळू चुन्याच्या रेघेपर्यंत आली.

शेवटची काही मिनिटं राहिली असतील. शिरूरची सगळी पोरं आमच्या गोलवर चढली होती आणि दादाही मागं येऊन उभा होता. बॉल वरून आला. गोलकीपर पडलेला. बॉल आत जाणार, एवढ्यात दादानं हात वर केला आणि तो ढकलून दिला. चोरून नाही, चुकून नाही, उघड. मी पाहिलं, आईनं पाहिलं, सगळ्या ग्राउंडनं पाहिलं. पपांची शिट्टी वाजली. आणि पपांनी हात केला तो शिरूरच्या गोलकडं. हिरव्याचा हात, फ्री किक दौंडला.

मी दादाकडं बघितलं. तो पपांकडं बघत होता आणि हसत होता. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. त्याला वाटलं, बापानं आपल्यासाठी केलं.

मग शिरूरचे लोक आत घुसले. आबा सगळ्यांच्या पुढं. ‘पोराला वाचवायला शिट्टी ईकली व्हय रं गार्डा?’ त्यांनी पपांच्या कोटाला हात घातला, आमच्या शेडची माणसं धावली, आणि आता डोकी फुटणार म्हणून आई बसल्या जागी ओरडली. तेवढ्यात मामा मधे शिरला. त्यानं आबांचा हात सोडवला. मामा भांडखोर नव्हता, पण मास्तर होता. उत्तर मिळाल्याशिवाय मुलाला सोडायचं नाही ही त्याची सवय. त्यानं दादाला आणि त्याच्याबरोबर उडी मारलेल्या शिरूरच्या पोराला दंडाला धरून पपांपुढं उभं केलं. दोघं सारख्याच उंचीचे, दोघांची तोंडं राखेनं माखलेली.

‘दाजी,’ मामा म्हणाला, ‘तुम्ही आजवर खोटं बोलला न्हाई. हे दोघं उभे हायत. हात कुणाचा होता, बोटानं दाखवा.’

मी रेघ ओलांडून आत गेले होते. पपांपासून मी दहा पावलांवर असेन. त्यांची नजर डावीकडून उजवीकडं गेली, परत डावीकडं आली. मला दिसत होतं की त्यांच्यापुढं दोन काळ्या आकृत्यांखेरीज काही नाही. मी ओरडले असते तर? ‘त्यांना दिसत नाही’ एवढे तीन शब्द. त्या तीन शब्दांनी पपा प्रामाणिक ठरले असते, आणि गार्ड उरले नसते. माझं तोंड उघडलं होतं, हे मला आठवतं. पपांनी बोट वर केलंच नाही.

‘हात माझ्या पोराचा होता,’ ते म्हणाले. ‘मी बघितला. बघून दिला न्हाई.’

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याला सगळे लगेच खरं मानतात. गलका एकदम खाली बसला. जे सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं तेच त्यांना मिळालं होतं, त्यामुळं मारामारीची गरजच उरली नाही. आबा थुंकले आणि वळले. मामा मात्र उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ‘बघून दिला न्हाई,’ असं स्वतःशीच म्हणाला आणि आपल्या पोरांना घेऊन ट्रककडं गेला. आईनं सकाळपासून त्याच्यासाठी मटण शिजवून ठेवलं होतं. तो घराकडं फिरकला नाही.

त्या संध्याकाळी दादा पपांच्या शेजारी जेवायला बसला. आपल्या ताटातली नळी उचलून त्यानं त्यांच्या ताटात ठेवली. पपांनी ती चाचपून बाजूला सारली. आई डोळ्याला पदर लावून वाढत होती, आणि दादाचं आपलं चाललं होतं, जाऊ दे गं आई, मामा येईल महिन्याभरात. खरं सांगितलं तर पपांची नोकरी जाणार, मामा परत येणार आणि दादाला मिळालेला बाप त्याच्या हातून सुटणार. गप्प बसलं तर पपा पुन्हा गाडीवर जाणार.

नंतर काय काय झालं ते इथंच सांगून टाकते. पपांना परत कुणी शिट्टी वाजवायला बोलावलं नाही. डोळ्यांची बातमी फुटली तेव्हा कॉलनीत लोक म्हणाले, ग्राउंडवर पाप केलं, देवानं डोळेच काढून घेतले. दोन गोष्टी समोर असताना लोकांनी त्या अशा उलट्या जोडल्या. पपांनी मला बजावलं होतं की हे तसंच राहू दे. खोटा रेफ्री म्हणू देत, पण दिसत नसताना गाड्या नेत होता असं कुणी म्हणायला नको. मामा ईस्टरला आला. खाली मान घालून बसला आणि म्हणाला, दाजी, त्या दिशी मी बोटानं दाखवा म्हणालो तवा... पपा म्हणाले, चहा घे, गार व्हतोय. दादाला मात्र मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. म्हातारपणी नातवंडांना तो अभिमानानं सांगायचा, आमचा बाप देवमाणूस, पण माझ्यासाठी एकदा खोटं बोलला. मी तिथंच बसलेली असायची.

पण हे सगळं पुढचं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. चर्चमध्ये आमच्या बाकावर आमच्याखेरीज कुणी बसलं नाही. घरी येऊन जेवतोय तोच लोको शेडचा कॉलमन दारात आला. रेल्वेत गाडीच्या आधी कॉलमन वही घेऊन घरी येतो, गाडी आणि वेळ सांगतो. तुम्ही सही केलीत की ती गाडी तुमची. दादानं सही केली. मनमाडकडची मालगाडी, सुटायची वेळ तीनच्या सुमाराची. आईनं भाकरी बांधून दिली, दादा डबा घेऊन शीळ घालत गेला. अर्ध्या तासानं स्टेशनचा कॉलमन आला, गार्ड लोकांचा. त्याची वही वेगळी. मी दारातच होते म्हणून त्यानं वही माझ्या हातात दिली. मी गाडी वाचली. तीच होती. तीनला सुटलेली मालगाडी अंधार पडताना अजून वाटेतच असणार.

पपा बाहेर आले, कोट घालूनच. त्यांनी पेन घेतलं. मी वही धरून उभी होते, आणि ती मला त्यांच्या पुढं करवेना.

‘पपा,’ मी म्हणाले, ‘हीच गाडी दादाची हाय. आत्ताच सही करून गेला.’

कॉलमन म्हणाला, हां, बापलेक एकाच गाडीवर, बरंय की. पपांनी वही माझ्या हातून घेतली, वाचत असल्यासारखी थोडा वेळ धरली. चुलीवरचं पाणी उकळल्याचं मला ऐकू येत होतं. मी मनात ठरवलं होतं की सही केली तर याच कॉलमनपुढं मी बोलणार, शब्द गेला खड्ड्यात. पपांनी पेनचं टोपण लावलं आणि वही मिटून कॉलमनला दिली.

‘सिक लिही,’ ते म्हणाले.

‘काय झालं गार्डसाहेब?’

‘डोळं. उद्या डॉक्टरकडं जातोय म्हणून सांग.’

तो दुसरा गार्ड शोधायला सायकल पळवत गेला. पपांनी कोट काढून खुंटीला अडकवला आणि मागल्या पायरीवर जाऊन बसले. तिथून यार्ड दिसायचं. मी त्यांच्या शेजारी बसले. आईला काहीतरी झालंय एवढं कळलं होतं, ती आतूनच भांड्यांचा आवाज करत होती. तीन वाजून गेले तशी दादाच्या इंजिनानं लांब शिट्टी दिली.

‘सिग्नल पडला का?’ पपांनी विचारलं.

‘पडला. गाडीला वाट मिळाली.’

‘नीट बघून सांग एस्तू,’ ते म्हणाले. ‘दानी हाय गाडीवर.’